चव्वेचाळिसावी वस्तू

परदेशातून परत आलेली माणसं घरात पाऊल टाकल्यावर आधी काय करतात, याचा कुणी नीट अभ्यास केलेला दिसत नाही. काहीजण आडवे होतात, काहीजण फोन करत सुटतात आणि काहीजण आपलंच घर एवढंसं कसं झालं म्हणून बघत उभे राहतात. पावतीसाहेबांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी सहाच्या सहा बॅगा दिवाणखान्याच्या मधोमध ओळीने मांडल्या, दाराला आतून कडी लावली आणि शर्टाच्या खिशातून चार घड्यांची यादी काढली.

"अहो, आधी पाणी तरी पिऊ द्या सगळ्यांना," त्यांची बायको म्हणाली.

"मोजणी झाल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही."

"पेल्यालासुद्धा?"

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "पेला यादीत नाही. पेल्याला हात लावायला हरकत नाही."

हे असं का, ते सांगायला हवं, नाहीतर साहेब तुम्हाला विक्षिप्त वाटायचे. शहराच्या बस कंपनीत 'हरवले-सापडले' नावाचा एक विभाग आहे. तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खिडकी आणि मागे बावीस कपाटं. त्याचे साहेब हे प्रमुख. एकोणतीस वर्षं त्यांनी लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट आणि एकदा तर अख्खा पंखा सांभाळला होता. हरवलेली छत्री मागायला आलेल्या माणसाला ते आधी अर्ज भरायला लावत, मग छत्रीच्या कितव्या काडीला गंज आहे ते विचारत, आणि उत्तर बरोबर आलं की छत्री देऊन वर पावतीवर सही घेत. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना पावतीसाहेब म्हणत. एकदा भांडणात हे नाव बायकोच्या तोंडून खिडकी उघडी असताना निघालं आणि तेव्हापासून ते आजूबाजूच्या घरांतही रुळलं.

एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचा विसरभोळेपणा कपाटात रचून ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःच्या घरावर बारीक लक्ष असणारच. सहलीला निघताना त्यांनी त्रेचाळीस वस्तूंची यादी केली होती. बायकोचा चष्मा आणि चष्म्याची डबी या त्यात दोन वेगळ्या वस्तू होत्या. बारा दिवस, प्रत्येक हॉटेलातून, बागेतून, गाडीतून उठताना साहेब एक आरोळी ठोकायचे, "मागे काही राहिलं नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता, नजरेस पडेल ते दोन्ही हातांनी बॅगेत कोंबायचे. त्रेचाळीस नेल्या, त्रेचाळीस आणणार, हा त्यांचा पण होता.

मोजणी झाली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मोजलं. कॉलेजात जाणारी लेक दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती म्हणाली, "काय गेलं, बाबा?"

"काही गेलं नाही," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "चव्वेचाळीस भरतायत."

खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या त्यांच्या आईने हातातला पेला खाली ठेवला. "मग बरंच झालं की. एक जास्तीची मिळाली. एवढं तोंड कशाला पाडतोस?"

"आई, कमी भरली तर आपण विसरभोळे. जास्त भरली तर चोर."

मग चौघांनी मिळून ती जास्तीची वस्तू हुडकली. ती निळ्या बॅगेत, टॉवेल आणि आईच्या शालीच्या मधोमध निवांत पडली होती. पिवळ्या आणि राखाडी पट्ट्यांचं, अर्धवट विणलेलं, लोकरीचं काहीतरी. वरच्या बाजूला छोटं गोल भोक, दोन्ही अंगांना एकेक उभी फट आणि खालच्या कडेला टाक्यांमध्ये अडकवलेल्या, दोन्हीकडून टोकदार अशा चार छोट्या सुया. सोबत लोकरीचा गुंडा.

"झबलं आहे," बायको म्हणाली. "हा गळा, ह्या बाह्यांच्या जागा. गळ्याकडून खाली विणत आणलंय."

"कुणाचं?"

हा प्रश्न साहेबांनी खिडकीआडून हजारो वेळा विचारला होता, पण आज पहिल्यांदा त्याचं उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. साहेबांनी कागद घेतला आणि घरातल्या घरात जबाब नोंदवायला सुरुवात केली. हे बॅगेत कधी आलं असेल? आदल्या रात्री हॉटेलात मोजणी बरोबर भरली होती. म्हणजे शेवटच्या दिवशी. शेवटच्या दिवशी ते एकाच ठिकाणी बसले होते. तळ्याकाठच्या धक्क्यावर, एका लांबलचक बाकावर, होडीची वाट बघत, तब्बल एक तास.

"त्या तासात कुणी काय पाहिलं ते आठवा," साहेब म्हणाले. "बारीकसारीक सगळं."

बायको म्हणाली, "पाणी. आधी हिरवं होतं, मग ढग आला तसं काळं झालं, आणि होडी यायच्या थोडं आधी एकदम चकाकायला लागलं. बारा दिवसांत मला तो तास सगळ्यात आवडला. काहीच बघायचं नव्हतं ना, म्हणून."

आई म्हणाली, "एक बदक एका पायावर उभं होतं. मी म्हटलं, बघू याचा पाय आधी दुखतो की माझा. तेच जिंकलं."

लेक म्हणाली, "धक्क्यावरचा माणूस दोर गुंडाळताना शीळ घालत होता. तीच तीच धून. आणि शेवटचा सूर दर वेळी चुकत होता."

"आणि तुम्ही?" बायकोने विचारलं.

साहेबांनी डोळे मिटले. मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "निळी बॅग माझ्या डाव्या हाताला होती," ते म्हणाले. "चेन अर्धवट लागलेली. मी ती दोनदा ओढून पाहिली."

"ते झालं. पण तळं कसं होतं?"

"होतं," साहेब म्हणाले. "समोर होतं."

लेक हसली, आई हसली. बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अहो, बारा दिवस तुम्ही होतात तरी कुठे?"

साहेबांनी हे हसण्यावारी नेलं, पण ते आत कुठेतरी लागलं. सात वर्षं त्यांनी या सहलीसाठी रजा साठवली होती. नकाशे आणले होते. आणि आता आठवायला बसल्यावर बाकीच्या तिघींकडे पाणी होतं, बदक होतं, शीळ होती आणि त्यांच्या वाट्याला एक चेन आली होती. इतका खर्च आणि खटाटोप करून आपण सहलीला गेलो होतो की फक्त सामान पोचवून आलो, हे त्यांना खरोखरच कळेना. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. एका माणसाच्या डोळ्यांसमोर अख्खं तळं एक तासभर असतं आणि ते त्याला दिसत नाही, हे कसं काय होतं?

तेवढ्यात लेकीने आपल्या फोनमधला फोटो पुढे केला. धक्क्यावरचा शेवटचा. पुढे साहेबांची आई, बायको, बॅगांवर वाकलेले साहेब. आणि बाकाच्या पलीकडच्या टोकाला, गोल चष्म्याच्या, पिकल्या केसांच्या एक बाई, मांडीवर पिवळं-राखाडी विणकाम. मागे पावाच्या दुकानाची पाटी.

"सापडल्या!" लेक म्हणाली. "मी दुकानाला मेल टाकते. त्यांना विचारते, ह्या कोण."

"असं परस्पर करायचं नाही," साहेब म्हणाले. "वस्तू मूळ मालकाला, जशी सापडली तशी, रीतसर मार्गाने. मी तिथल्या खात्याला लिहितो."

तिथल्या खात्याला म्हणजे त्या गावच्या वाहतूक मंडळाच्या हरवले-सापडले विभागाला. साहेबांनी दोन पानी पत्र लिहिलं, लेकीने ते तिकडच्या भाषेत केलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. 'वस्तू हरवल्यास हरवणाऱ्याने अर्ज करावा. वस्तू सापडणाऱ्याने परदेशातून अर्ज करण्याची तरतूद नाही. हरवणाऱ्याची सही नसल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही. कळावे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून म्हणाले, "माणूस कामाचा आहे." कारण 'हरवणाऱ्याने अर्ज करावा' हे वाक्य फ्रेम करून त्यांच्याच खिडकीवर टांगलेलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्यांना काहीतरी चमत्कारिक वाटलं. आजवर खिडकीच्या आतून वाचलेलं ते वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा बाहेर उभं राहून वाचलं होतं. बाहेरून ते जरा वेगळंच ऐकू येत होतं.

लेकीने दुकानाला मेल केव्हाच टाकून दिला होता. दुकानाचं उत्तर एका ओळीत आलं होतं. त्या बाई दर गुरुवारी येतात, आमच्या पत्त्यावर पाठवा, आम्ही देऊ.

आता नुसतं पाठवायचं राहिलं होतं. पण खालच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. कुठलीही गोष्ट नुसती होऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी असतो तर," ही त्यांची सुरुवात. त्यांनी जिन्यात साहेबांना गाठलं आणि सगळं ऐकून घेतलं. "मी असतो तर सरळ वकिलातीत नेऊन दिलं असतं."

"मास्तर, झबलं आहे. वकिलात काय करणार?"

"नोंद तरी करतील! बरं, मूल केवढं आहे?"

"ते कुठे माहीत आहे?"

"झब्ल्यावरून सहा महिन्यांचं धरा. तुम्हाला येऊन तीन आठवडे झाले. पार्सल पोचायला सहा. बाई ते पुरं करणार कधी? मूल काय थांबलंय का तुमच्यासाठी? रोज वाढतंय ते, पावतीसाहेब. तुमच्या रीतसर मार्गापायी एखादं मूल थंडीत उघडं राहायचं."

साहेबांनी वर जाऊन झबलं उचललं. ते तसेच पोस्टात गेले.

पोस्टातल्या खिडकीत बसलेल्या बाई साहेबांच्याच पठडीतल्या होत्या. त्यांनी परदेशी पार्सलचा फॉर्म पुढे सरकवला. साहेबांनी वस्तूचं वर्णन लिहिलं, 'अर्धं झबलं'.

"अर्धं म्हणजे?" बाई म्हणाल्या. "नवीन की वापरलेलं?"

"दोन्ही नाही."

"मग फाटलेलं लिहा."

"फाटलेलं नाही हो. अजून व्हायचं आहे."

"व्हायच्या वस्तूला रकाना नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. साहेबांना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला. शेवटी 'इतर' या रकान्यावर दोघांचं एकमत झालं.

"आत टोकदार काही?"

"चार सुया."

"टोकदार वस्तू चालत नाहीत. काढा."

नियम तो नियम. साहेबांनी तिथेच, खिडकीवर, एकेक करून चारही सुया ओढून काढल्या, मोजल्या आणि वरच्या खिशात उभ्या लावल्या. विणकामातून सुई काढली की काय होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या विभागात एकोणतीस वर्षांत एकही विणकाम आलं नव्हतं. विणणारी बायामाणसं ते कधी बसमध्ये विसरत नाहीत.

बाईंनी त्यांना आधी वजनाच्या खिडकीवर पाठवलं, तिथून शिक्क्याच्या, तिथून परत पहिल्या. साहेब झबलं छातीशी धरून एका खिडकीवरून दुसरीवर फिरत होते. रांगेला लावलेल्या लोखंडी दांड्याच्या कुठल्याशा खिळ्यात लोकरीचं एक टोक अडकलेलं त्यांना कसं दिसणार? तिसऱ्या खिडकीशी मागचा एक गृहस्थ खाकरला. "साहेब, तुमचं काहीतरी उलगडतंय."

साहेबांनी वळून पाहिलं. पोस्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तीन खिडक्या, एक खांब आणि दोन म्हाताऱ्या माणसांच्या पायांमधून पिवळी-राखाडी लोकर पसरली होती. हातातल्या झब्ल्याचा खालचा तिसरा हिस्सा गायब होता. मग हरवले-सापडले विभागाचे प्रमुख पोस्टाच्या फरशीवर गुडघे टेकून, "जरा पाय उचला हं," असं म्हणत लोकर गोळा करत गेले. खिशातल्या सुया वाकताना छातीला टोचत होत्या. रांगेतल्या कुणीतरी त्यांना ओळखलं. "अहो, हे तर ते छत्रीवाले! मला गंज विचारला होता यांनी!" तो माणूस फार आनंदात होता.

घरी बायकोने ते भेंडोळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सुया काढल्यात? अहो, सुया काढल्या की टाके सुटतात, हे लहान मुलालाही कळतं!"

"मला कुणी सांगितलं नाही. नियम होता."

"जशी सापडली तशी म्हणत होतात ना?"

साहेब खुर्चीत बसले. एकोणतीस वर्षांत त्यांच्या कपाटातून वस्तू परत जाताना तिची एक शिवणसुद्धा कधी उसवली नव्हती. आणि आता ही. ते अगदी रडायच्या बेताला आले होते, आणि ते आईने ओळखलं. ती म्हणाली, "समोरच्या टाकाकाकूंना बोलवा. मेलेला स्वेटर उठवतात त्या."

समोरच्या घरातल्या टाकाकाकू चाळीस वर्षं विणत होत्या. फोन हातात असला तरी त्यांची बोटं टाके मोजत. त्यांनी चष्मा चढवला, उरलेलं विणकाम उलटं केलं, सुलटं केलं आणि जोरात श्वास आत ओढला. "अगं बाई! हे विणलंय तरी काय?"

"का, काय झालं?"

"ही फट बघा, चार बोटं. आणि ही? जेमतेम दीड. एक बाही जाडी, एक बारीक! आणि गळा बघा. यातून लिंबू जाईल, मुलाचं डोकं कसं जायचं? चुकलंय सगळं. देते मी सरळ करून."

"थांबा," साहेब म्हणाले.

आतापर्यंत कुणी त्या फटी नीट पाहिल्याच नव्हत्या. सगळे पुढे वाकले. काकू म्हणाल्या ते खरं होतं. लेक हळूच म्हणाली, "चूक नसेल तर? एखाद्या मुलाचा एक हात खरंच बारीक असेल तर?"

"बिचारं लेकरू," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

काकूंना ते पटेना. इतका फरक नसतो, म्हणाल्या. निदान दोन्ही फटी मधल्या मापाच्या करू. मास्तर बोलावलं नसताना वर आले होते. ते म्हणाले, मी असतो तर सरासरी काढली असती. बायकोचं म्हणणं, सरळ दोन समान बाह्या करा, म्हणजे त्या पोराला वाईट नको वाटायला. तासभर वाद झाला. त्या मुलाला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्याविषयी प्रत्येकाला मत होतं.

शेवटी साहेब उठून उभे राहिले. "एक बाही जाडी, एक बारीक. तशीच राहणार," ते म्हणाले. "नियम म्हणून नाही सांगत मी. त्या बाईंनी त्या मुलाचा हात धरला असेल. माप घेतलं असेल. आपण कोण ते सुधारणारे?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सुया उचलल्या.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत साहेबांना एक खोड लागली. बसमधून येता-जाता ते लहान मुलांचे हात बघू लागले. कुणाचा हात आईच्या खांद्यावर, कुणाचा खिडकीच्या गजाला, कुणाचा सरळ शेजाऱ्याच्या चष्म्यात. इतकी वर्षं बस त्यांच्या लेखी वस्तू विसरायची जागा होती. तिच्यात माणसं बसतात, ती तोंड उघडं टाकून झोपतात, एकमेकांच्या खांद्यावर कलंडतात, खिडकीतून बघून स्वतःशीच हसतात, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. एक दिवस ते बघता बघता दोन थांबे पुढे गेले आणि छत्री विसरून उतरले. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. स्वतःच्या खिडकीवर स्वतःच अर्ज भरून ती सोडवून घेतली.

इकडे काकूंनी फोटो मोठा करून ओळी मोजल्या, सुटलेले टाके एकेक करून परत सुईवर घेतले आणि उसवलेलं सगळं पुन्हा विणलं. मास्तरांच्या हट्टाखातर मुलाच्या वाढीची दोन बोटं खाली सोडली. गळ्याला चीर देऊन बटण लावलं. आणि मग, "नुसत्या फटी ठेवून पाठवणं माझ्या हाताला शोभत नाही," म्हणून दोन लांब बाह्या जोडल्या. एक जाडी, एक बारीक. बारीक बाहीवर त्यांनी पिवळी नक्षी काढली. वादात त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, पण आता त्या बाहीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हता.

पोस्टातल्या बाईंनी या वेळी वर्णन वाचलं. 'लहान मुलाचं झबलं, पूर्ण, एक बाही बारीक.' त्यांनी वर पाहिलं. "बारीक का?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले. "विचारलं नाही."

बाईंनी पार्सलच्या चारही बाजूंना 'जपून' असा शिक्का मारला. नियमात एकच सांगितला होता.

सोबत साहेबांचं माफीपत्र होतं. वस्तू नजरचुकीने आमच्या ताब्यात आली, तिचा खालचा एक तृतीयांश भाग आमच्या हलगर्जीपणामुळे उसवला, तो शेजारच्या अनुभवी बाईंकडून पूर्ववत करून घेतला आहे, बाळास आशीर्वाद. लेकीने ते तिकडच्या भाषेत लिहिताना 'हलगर्जीपणा' जरा सौम्य केला.

तीन महिन्यांनी जाड पाकीट आलं. साहेबांनी ते एकट्याने फोडलं नाही. काकूंना बोलावलं, मास्तर आपसूक आले. बाळाचा फोटो असणार म्हणून आईने चष्मा पुसून ठेवला होता. लेकीने पाकिटातून फोटो काढला, पाहिला, आणि तिच्या तोंडून विचित्रसा आवाज आला. मग तिने तो मधल्या टेबलावर ठेवला.

फोटोत चहाची किटली होती. तिने झबलं घातलं होतं. बारीक बाहीतून तोटी बाहेर डोकावत होती, जाड्या बाहीत किटलीचा कान होता आणि गळ्यातून झाकणाची मूठ वर आली होती, बटण लावून.

फोटो हातोहात फिरला. मग टाकाकाकू म्हणाल्या, "किटलीला मी बटण लावलं?"

"वाढीची दोन बोटंसुद्धा सोडलीत," बायको म्हणाली आणि तिला हसू आवरेना. आई हसता हसता म्हणाली, "मी रडले होते गं त्या किटलीसाठी!" मास्तर एकटे गंभीर होते. मी असतो तर आधी विचारलं असतं, असं काहीसं ते म्हणत होते, पण कुणाला ऐकू गेलं नाही.

साहेब हसत होते, पण कान लाल झाले होते. ते म्हणाले, "पत्र वाच."

लेक वाचत गेली. बाईंनी लिहिलं होतं, चहा ऊबदार राहावा म्हणून आम्ही किटलीवर हे घालतो. बाह्यांबद्दल काकूंचे शतशः आभार, मला त्या कधी सुचल्या नसत्या. तोटी आता गार पडत नाही आणि कान धरताना हात भाजत नाही. गावातल्या दोघींनी तसंच करून मागितलं आहे. तुमच्या माफीपत्राचं मात्र मला नवल वाटलं. 'त्या दिवशी मी पाव आणायला आत गेले आणि बाहेर येते तो बाकावर विणकाम नाही, तुम्हीही नाही. मला राग आला नाही. कारण तासभर मी तळ्याकडे बघितलंच नव्हतं, तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही बॅगा मोजत होता आणि बॅगा झाल्या की माणसं. आजींवर बोट, बायकोवर, मुलीवर, आणि मग स्वतःच्या छातीवर. एकदा तुम्ही घाईत होता. तुमचं बोट मुलीवरून पुढे सरकलं ते माझ्यावर येऊन थांबलं. मग तुम्ही स्वतःला धरलंत आणि पाच बोटं वर केलीत. लगेच दचकलात आणि पहिल्यापासून मोजायला लागलात. माझ्या घरी मोजायला मी एकटीच आहे, म्हणून कुणी मोजत नाही. त्या दिवशी थोडा वेळ मी कुणाच्या तरी पाचांत होते. घरी जाऊन मी किटली भरून चहा केला, एकटीसाठी.'

लेकीने पत्र खाली ठेवलं. काकू नाक पुसत होत्या. बायको साहेबांकडे बघत होती, पण चिडवायला नव्हे.

एक बाई त्याच बाकावर बसली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं, तिला मोजलं, चूक म्हणून खोडलं आणि तरीही तिला पाहिलं नाही. आणि तिने मात्र त्यांचं सगळं कुटुंब पाहिलं होतं, त्यांच्यासकट. त्या तासात ते कुठे होते याची आता एक साक्षीदार निघाली होती. त्यांना लाजही वाटत होती आणि विलक्षण बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

ते उठले, कागद घेतला आणि टेबलाशी बसले.

"आता काय, पोचपावती?" बायकोने विचारलं.

"नाही. विचारायचंय त्यांना."

"काय?"

साहेब लिहायला लागले होते. दिवसातून किती वेळा चहा करता, ते विचारलं. ते बदक अजून एका पायावर उभं राहतं का, शीळ घालणाऱ्याला शेवटचा सूर जमला का, तेही विचारलं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटचा प्रश्न लिहिला. होडी सुटली तेव्हा तुम्ही पाव घेऊन धक्क्यावर आला असाल, तर कृपया कळवा, आम्ही चौघं पाठमोरे कसे दिसत होतो? मी तेव्हा बॅगांकडे बघत होतो.